बिडी-उपकर आणि सार्वजनिक आरोग्यसेवेचा खर्च

आरोग्यसेवेचा भार करदात्यांनी उचलावा काय, हा प्रश्न बहुधा अशा रीतीने मांडला जातो, की जणू कर देणारा वर्ग एक आणि सेवा घेणारा वर्ग त्याहून सर्वस्वी निराळा. सोलापूरनजीकच्या कुंभारी येथील बिडी-कामगार स्त्रियांच्या बाबतीत ही मांडणी टिकत नाही. येथील गोदावरी परुळेकर वसाहतीतील सुमारे दहा हजार घरे 2006 साली कामगारांच्या स्वाधीन झाली. त्यांचा खर्च केंद्र, राज्य आणि खुद्द कामगार अशा तिघांनी वाटून घेतला होता.

या स्त्रियांच्या औषधोपचाराची व्यवस्था मात्र निराळ्या तत्त्वावर उभी होती. 1976 साली संसदेने दोन कायदे केले. एकाने बिडी-धंद्यावर उपकर बसविला, तर दुसऱ्याने त्या उत्पन्नातून कल्याण निधी स्थापिला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरबांधणीचे अनुदान यांचा खर्च या निधीतून होऊ लागला. उपकर कारखानदाराकडून वसूल होई; परंतु त्याचा भार काही अंशी बिडी ओढणाऱ्या गरिबावर आणि काही अंशी वळणारणीच्या मजुरीवर पडत असला पाहिजे, हे करभाराच्या सिद्धान्ताशी परिचित असलेल्यांस सांगावयास नको. म्हणजे ज्यांना ‘लाभार्थी’ म्हणावयाचे, तेच पुष्कळ अंशी करदातेही होते.

या पद्धतीत दोष होते. लाभ ओळखपत्रावर अवलंबून असल्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या स्त्रीला आपले कामगारपण आधी सिद्ध करावे लागे. शिवाय आरोग्याचा निधी आरोग्यास घातक अशा मालाच्या खपावर पोसला जावा, ही विसंगती तर उघडच होती. तरीही एक गुण निर्विवाद होता : हे उत्पन्न ज्या कामासाठी गोळा करावयाचे, ते कायद्यानेच ठरवून दिलेले होते.

वस्तू व सेवा कराबरोबर 2017 साली हा उपकर रद्द झाला. बिडीवर नवा कर 28 टक्के दराने बसला, पण त्याचे उत्पन्न सर्वसाधारण महसुलात जमा होऊ लागले, आणि कामगारांच्या योजना श्रम मंत्रालयाच्या वार्षिक तरतुदीवर विसंबून राहिल्या. कर राहिला, त्याला जोडलेला हक्क मात्र सुटला.

सर्वसाधारण महसुलातून सर्वांस सेवा देणे तत्त्वतः अधिक न्याय्य होय. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, असा आग्रह भोर समितीने 1946 सालीच धरला होता. महाराष्ट्रात 2012 साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिलेली ही योजना सर्व रहिवाशांस खुली करण्याचा निर्णय 2023 साली झाला. पण तिचा रोख रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांवर आहे. तंबाखूच्या धुळीने जडलेला खोकला, दिवसभर वाकून बसल्याने धरलेली पाठ, यांसाठी कोणी शस्त्रक्रियेस जात नाही. त्यांना लागतो तो जवळचा दवाखाना आणि महिनोन्महिने मिळणारे औषध. 2023 च्या 15 ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले आहेत खरे. परंतु रोजच्या मजुरीचा अर्धा दिवस मोडून तेथवर जाणे, आणि गेल्यावर औषध शिल्लक असणे, या गोष्टी फी-माफीच्या आदेशाने साधत नाहीत. त्यांना डॉक्टर, औषधसाठा आणि दरवर्षीची पुरेशी तरतूद लागते.