डब्यातली भाकरी आणि डब्यामागची बाई

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास पिंपरी, कासारवाडी, भोसरी, आकुर्डी किंवा देहूरोडच्या कोणत्याही कामगार वस्तीतून चालत गेले, तर घराघरातून भाकरी थापण्याचा आवाज येतो. पहिल्या पाळीची गाडी नाक्यावर कुणासाठी थांबत नाही. ती चुकली तर कंत्राटी माणसाचा त्या दिवसाचा खाडा ठरलेला. म्हणून घरातली बाई सर्वांच्या आधी उठते. एक डबा पहिल्या पाळीचा, एक शाळेचा, एक कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा. तीन डबे भरून होईपर्यंत उजाडते, आणि मग तिच्या स्वतःच्या कामाची वेळ होते. तिच्या पिशवीत डबा असतो का? हा प्रश्न आपण कधी विचारला आहे का? आज आम्हाला त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

ही औद्योगिक नगरी डब्यावर उभी राहिली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६० नंतर मोटारी, स्कूटर आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगर भागातील कितीतरी कुटुंबांना गाव सोडायला लावले, त्यांतली अनेक इथे येऊन स्थिरावली. येताना फडक्यात बांधलेली भाकरी आणि लसणाची चटणी होती. पुढे फडक्याच्या जागी ॲल्युमिनियमचा डबा आला, मग स्टीलचा कप्प्यांचा. मागच्या पंचवीस-तीस वर्षांत चाकणकडे मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि डब्याचा प्रवासही लांबला. मोशी ओलांडून नाशिक रस्त्याच्या गर्दीत अडकलेल्या गाडीत रोज हजारो डबे मांडीवर बसून प्रवास करतात.

मुंबईच्या डबेवाल्यांचे कौतुक साऱ्या जगाने केले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामातली बहुसंख्य माणसे खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतली. आपले चाकण त्याच खेड तालुक्यात येते. म्हणजे ज्या मातीतील माणसांनी मुंबईच्या साहेबांना घरचे जेवण ऑफिसात पोचवले, त्याच मातीत आज कारखाने आहेत आणि इथला कामगार आपला डबा आपणच पाठीवरच्या पिशवीतून नेतो. त्याच्या डब्याचे कौतुक करायला मात्र कोणी आलेले नाही.

फळ्यामागचे डबे

डबा म्हणजे नुसते पोट भरण्याचे साधन, असे आपल्या समाजाला म्हणता येत नाही. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले. वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते, आणि हा मुलगा फळ्याजवळ गेला तर ते बाटणार होते! तो फळ्यापाशी पोचण्यापूर्वी मुलांनी धावत जाऊन आपले डबे बाजूला केले. ज्या हाताने पुढे देशाची घटना लिहिली, त्या हाताची सावली भाजीपोळीवर पडू नये म्हणून केलेली ती धावपळ होती.

आज कोणी डबे घेऊन पळत नाही. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे. पण डबा उघडल्यावर 'तू काय आणलंस?' हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि तो नेहमीच निरागस असतो असे नाही. सुकटीचा वास आला की नाके मुरडली जातात. भाकरी पाहिली की 'गावठी' म्हणून हसू येते. आमच्या परिचयातल्या एका घरी पाचवीतल्या मुलाने आईकडे हट्ट धरला की आजपासून फक्त पाव आणि जॅम दे. आईला वाटले, पोराचे लाड आहेत. चार दिवसांनी कळले की तो भाकरीचा डबा न उघडताच परत आणत होता आणि घराच्या वळणावर कुत्र्याला घालत होता. दुपारभर ते लेकरू उपाशी बसत होते. भुकेपेक्षा लाज मोठी झाली होती.

अशा वेळी आईने काय करावे? मुलाला मारून, ओरडून उपयोग नाही. आधी त्याला नीट विचारावे, कोण काय म्हणाले ते ऐकून घ्यावे. ज्वारी-बाजरीची भाकरी ही गरिबीची खूण नाही, हे त्याला पटेल अशा शब्दांत सांगावे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि आज शहरातल्या मोठ्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे चढ्या भावाने विकली जातात, ही गोष्ट मुलांना गंमतीची वाटते. चेष्टा जातीवरून होत असेल तर मात्र गप्प बसू नये. वडिलांनी आणि आईने दोघांनी जाऊन वर्गशिक्षकांना भेटावे, मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावे. शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते. १९९५ साली ही योजना सुरू झाली. सगळी मुले एका पंगतीत बसतात का, वाढणारी बाई सर्वांना सारखे वाढते का, याकडेही पालकांनी अधूनमधून शाळेत जाऊन लक्ष द्यावे.

डब्यात काय असावे

दिवसभर मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला नुसता भात-बटाटा पुरत नाही. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ती महाग असतात असा समज आहे, पण आपल्या चुलीवरचे जुने पदार्थच इथे कामाला येतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे मूठभर कूट घातलेली चटणी हा डब्यातला नुसता तोंडी लावण्याचा पदार्थ राहत नाही. मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ, पिठले, घट्ट डाळ, उकडलेले अंडे हे आलटून पालटून द्यावे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. सुकट-बोंबील घरात चालत असतील तर लाजू नये. वासाची अडचण वाटत असेल तर कोरडी परतून, भरपूर कांदा घालून, वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत द्यावी.

पालेभाजीबरोबर लिंबाची एक फोड जरूर द्यावी. लिंबामुळे भाजीतले आणि कडधान्यातले लोह शरीरात चांगले शोषले जाते. चहा याच्या उलट काम करतो. जेवताना किंवा जेवल्याबरोबर कपभर चहा घेण्याची कारखान्यांतली सवय ही त्या मेथीच्या भाजीचा फायदा निम्म्यावर आणते. चहा घ्यायचाच तर तासभर थांबून घ्यावा.

डबा भरताना

गरम जेवण भरून लगेच झाकण घट्ट लावले की वाफेचे पाणी होते, भाकरी ओली होते आणि उन्हाळ्यात भाजी आंबते. भाकरी-पोळी पसरून वाफ जाऊ द्यावी, मग स्वच्छ फडक्यात गुंडाळावी. भाताच्या बाबतीत जास्त सांभाळावे. रात्रीचा भात उघड्यावर तसाच राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांनी तयार केलेले काही विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यातून उलट्या होतात. म्हणून डब्याचा भात सकाळीच शिजवावा. रात्रीचा वापरायचा असेल तर तो जेवण होताच फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या डब्यात, जो पाच-सहा तासांनी उघडला जाणार, तिथे भातापेक्षा भाकरी आणि कोरडी भाजी बरी. चिंच-टोमॅटोचे आंबट कालवण ॲल्युमिनियमच्या डब्यात भरू नये, स्टील वापरावे.

आणखी एक गोष्ट. भाकरी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळण्याची सवय सोडावी. शाईतली घातक द्रव्ये तेलकट, गरम अन्नात उतरतात. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच याविषयी इशारा दिला आहे. आमचे साप्ताहिक आवडीने वाचावे, शेजाऱ्याला वाचायला द्यावे, पण त्यात भाकरी बांधू नये!

जेवायला जागा आणि अर्धा तास

उत्तम डबा भरला, पण तो खायचा कुठे? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कायम चालणाऱ्या कारखान्यांत आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले, आणि १९४६ मध्ये तो कायदा झाला. त्यापाठोपाठच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली. १५० हून अधिक कामगार असतील तिथे घरून आणलेले जेवण खाण्यासाठी पिण्याच्या पाण्यासह खोली आणि २५० हून अधिक असतील तिथे कॅन्टीन, अशी तरतूद त्यात होती. लहान वर्कशॉप त्यातून सुटत. तिथला कामगार मशीनच्या आडोशाला, तेलाच्या हातानेच जेवत आला.

२०२० साली मंजूर झालेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली नवी संहिता हे आकडे खाली आणते. कॅन्टीनसाठी कंत्राटी कामगार धरून १००, आणि जेवणाच्या खोलीसाठी ५० हून अधिक. कंत्राटी माणूसही मोजला जाणार, हे आपल्या मुलामुलींनी लक्षात ठेवावे, कारण आपल्यातले बहुतेक आज ठेकेदाराच्याच हजेरीवर आहेत. 'कॅन्टीन पर्मनंट लोकांसाठी आहे' असे कोणी म्हणाले तर एकट्याने भांडू नये, चार-दहा जणांनी मिळून युनियनकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा.

तिचा डबा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आज आपल्या शेकडो बहिणी-लेकी पॅकिंगवर, जुळणीच्या कामावर उभ्या असतात. सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर परातीत जे उरेल ते त्यांचे. कधी अर्धी भाकरी, कधी नुसता चहा-पाव. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. सर्वांना लिंबाची फोड देणारी बाईच रक्तक्षयाने चक्कर येऊन पडते. देशातील २०१९ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवते, तर त्यात हातभार लावणारा पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तास एकीकडे, दीड तास दुसरीकडे. आणि पुष्कळ पुरुष तर स्वयंपाकघरात पायही ठेवत नाहीत.

समतेच्या गोष्टी आपण जयंतीच्या व्यासपीठावर मोठ्या आवाजात बोलतो. ती समता सकाळी पाच वाजता स्वयंपाकघरात दिसली पाहिजे. रात्री भाजी निवडून, कणीक मळून ठेवणे हे काम मुलगा करू शकतो. डबे घासून पुसून ठेवणे, कांदा-लसूण सोलणे, सुट्टीच्या दिवशी शेंगदाण्याचे कूट आणि चटण्या करून ठेवणे हे काम नवरा करू शकतो. भाकरी पुरुषाच्या हाताने थापली तर ती फुगत नाही असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही!

आमचे वाचकांना एकच सांगणे आहे. उद्यापासून घरात जितकी माणसे बाहेर पडतात तितके डबे मोजून मांडावेत आणि पहिला डबा तिचा भरावा. उरलेले तिने खायचे ही रीत मोडायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. भगिनींनो, तुम्हीही 'मला काहीही चालतं' हे वाक्य आता सोडा. तुमच्या डब्यातसुद्धा अंडे असू द्या, उसळ असू द्या, लिंबाची फोड असू द्या. तुम्हीही तेवढ्याच कष्टाच्या, तेवढ्याच भुकेच्या आहात.