निरोपाची तयारी (भाग 4) : तिरडी गाव बांधतं, कागद घराला शोधावे लागतात

आजारी माणसाला त्याच्या इच्छा वेळेत कशा विचाराव्यात, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज प्रत्यक्ष त्या दिवसाबद्दल.

भोर तालुक्यातल्या कामथडीसारख्या गावात मयत झालं की घरच्यांना फारसं काही सांगावं लागत नाही. भावकीतलं कुणी बांबू आणतं, कुणी कडबा आणि सुतळी, कुणी मडकं. चार जण स्मशानात सरण रचायला जातात. शेजारच्या घरी चहाचं पातेलं चढतं आणि संध्याकाळी पिठलं-भाकरी येते, कारण त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शहरात पैसे मोजूनही ही माया मिळत नाही. पण गावाला न करता येणाऱ्या काही गोष्टी उरतात. घर अडतं ते तिथेच.

पहिला प्रश्न वेळेचा. पुण्यातली मुलं महामार्गाने दीड-दोन तासांत पोचतील. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग असेल तर आणखी उशीर. मुंबईकरांना पाच-सहा तास धरा. मयत बाईचं असेल तर माहेरची साडी यायची असते. भाऊ पोचल्याशिवाय उचलत नाहीत. म्हणून मोबाइलवर ‘दुपारी नेणार’ असा निरोप टाकण्याआधी लेकी आणि माहेर कधी पोचतील ते विचारा. निरोपाचं काम घरातल्या एकाच शांत माणसाकडे द्या. दोन वेगवेगळ्या वेळा गेल्या की लांबून निघालेली लेक रिकाम्या अंगणात येऊन उभी राहते.

दुसरा प्रश्न डॉक्टरच्या दाखल्याचा. मृत्यू घरी झाला असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला अग्नी देण्याआधी घ्या. कायद्याने त्याला शुल्क नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घरातल्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. इथे अनेकांची गल्लत होते, म्हणून ठासून सांगतो : नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नाही. पुण्याच्या दवाखान्यात प्राण गेला असेल तर मृत्यूचा दाखला पुणे महापालिकेचा, मग अंत्यविधी कामथडीत झाला तरीही. नाव आधार, सातबारा आणि बँकेच्या पासबुकात आहे तसंच सांगा. ‘बाबूराव’चं ‘बाबु’ झालं तर पुढे महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच मागा.

तिसरी गोष्ट सांगताना मन जड होतं. महामार्गावरचा अपघात, सर्पदंश, विहिरीत पडणं, विजेचा धक्का, फवारणीचं औषध पोटात जाणं, असं काही असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय अग्नी देऊ नका. ‘चिरफाड नको, लवकर उरकू’ असं म्हणणारा शेजारी प्रेमानेच बोलत असतो, पण त्याचं ऐकू नका. शेतकरी कुटुंबाला अपघाती मृत्यूसाठी राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे योजनेत 2 लाख रुपये मिळतात. सर्पदंशही त्यात येतो. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसला तर विधवेचा अर्ज तिथेच अडतो.

नेत्रदानाची इच्छा असेल तर नेत्रपेढीला लगेच कळवा, सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद ठेवायचा. देहदान मात्र ऐनवेळी जमवणं अवघड. अर्ज आधीच भरून घरात सगळ्यांना माहीत हवा.

लाकडाबद्दलही थोडं. एका सरणाला तीन-चारशे किलो लाकूड सहज लागतं, आणि भोरच्या पावसात भिजलेलं लाकूड पेट घेत नाही. धूर होत राहतो, वरून रॉकेल ओतत राहावं लागतं. घरच्यांना ते बघवत नाही. जिल्हा परिषदेच्या जनसुविधा निधीतून दहनशेड होतं. त्याच शेडच्या कडेला उन्हाळ्यातच कोरडी लाकडं रचून ताडपत्रीने झाकावीत, असा विषय मे महिन्याच्या आत ग्रामपंचायतीपुढे मांडा.

आणखी एक बोलणं आधीच व्हायला हवं, तेही बायकांशी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पुढे राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पण तिरडी उचलताना जमलेल्या म्हाताऱ्या बायकांना अडवायला ठरावाचा कागद पुरत नाही, जाऊ आणि नणंद लागते. म्हणून घरातला पुरुष आजारी असतानाच दोघीतिघींनी ठरवून ठेवावं की त्या वेळी त्याच्या बायकोशेजारी कोण बसेल आणि पुढे आलेला हात कोण धरेल.

पुढच्या आठवड्यात : दशक्रियेनंतर सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करायची.