संगणकाला आज्ञा देताना

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सवर आज्ञा टंकून काम करता येते. इंग्रजीच्या धास्तीने आपली मुले तेथेच अडतात. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे पाठ मराठी निवेदनासह मोफत आहेत. चित्रफीत थांबवावी, तीच आज्ञा शेजारच्या खिडकीत स्वतः टंकावी, मगच पुढे जावे. नुसते पाहून हात बसत नाही, हे आम्हा कारकुनांना पक्के ठाऊक! ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा आपण कोठे आहोत ते सांगते. ‘एलएस’ तेथील फायली दाखवते. ‘आरएम’ मात्र जपून. ती फाईल कचरापेटीत न टाकता थेट काढून टाकते. तिच्यापुढे वजाचे चिन्ह व ‘आय’ जोडल्यास आधी विचारते. सरावासाठी वेगळी डिरेक्टरी करावी.