भूमध्यसागरी उद्यानशैली आणि महाबळेश्वरचे पाऊसमान : एक विवेचन

प्रस्तावना

उद्यानरचनेच्या क्षेत्रात ‘भूमध्यसागरी शैली’ हा शब्दप्रयोग आता आपल्याकडेही परिचित झाला आहे. पांढऱ्या भिंती, फरसबंद अंगण, मधोमध लहानसे कारंजे, मातीच्या मोठ्या कुंड्या, लॅव्हेंडरच्या निळसर रांगा आणि कोपऱ्यात एखादे ऑलिव्हचे झाड, असे या शैलीचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. असे उद्यान महाराष्ट्रात कोठे साधेल, असा प्रश्न विचारल्यास बहुतेकांच्या मनात प्रथम महाबळेश्वरचे नाव येईल. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंची, उन्हाळ्यातही सुसह्य हवा आणि ब्रिटिश काळातील बंगले यांमुळे हे स्थान युरोपला जवळचे वाटणे स्वाभाविक आहे.

हा समज एका चुकीच्या निकषावर उभा आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे. उद्यानात काय तगेल हे केवळ हवेच्या गारव्यावरून ठरत नाही. पाऊस वर्षाच्या कोणत्या काळात पडतो, हा प्रश्न अधिक निर्णायक आहे. हा विषय निव्वळ सौंदर्यदृष्टीचाही नाही. पावसाळ्यात अतोनात पाणी वाहून जाणाऱ्या या डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न उभा राहतो आणि उद्यानाचा आराखडा हा त्या प्रश्नाचाच एक भाग असतो.

पावसाचे उलटे पंचांग

सौम्य व पावसाळी हिवाळा आणि उष्ण व कोरडा उन्हाळा हे भूमध्यसागरी हवामानाचे लक्षण होय. साधारणतः ३० ते ४५ अंश अक्षांशांच्या दरम्यान, भूखंडांच्या पश्चिम बाजूस ते आढळते. भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केप प्रांत आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण भाग हे त्याचे पाच प्रदेश. अथेन्स येथे वर्षाकाठी सुमारे ४०० मिमी पाऊस होतो, रोम येथे सुमारे ८०० मिमी. त्यातील बहुतांश पाऊस शरद व हिवाळ्यात पडतो; अथेन्सचा जुलै जवळजवळ कोरडाच जातो.

महाबळेश्वर १८ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस आहे. येथील सरासरी वार्षिक पाऊस साडेपाच ते सहा हजार मिमीच्या दरम्यान असून तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एकट्या जुलैत दोन हजार मिमीच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे रोमच्या दोन वर्षांच्या पावसाहून अधिक. तेथील वनस्पती ज्या महिन्यांत पाण्याविना निपचित पडून राहतात, नेमक्या त्याच महिन्यांत येथे आभाळ फाटलेले असते.

या उलट्या पंचांगाचा परिणाम समजून घेण्यासाठी लॅव्हेंडरचे उदाहरण पुरेसे आहे. त्याची अरुंद पाने, त्यांवरील रुपेरी लव आणि सुगंधी तेल ही सर्व कोरड्या उन्हाळ्यात तग धरण्यासाठीची सामग्री आहे. महाबळेश्वरच्या जुलैत सूर्यदर्शन दुर्मीळ असते, हवा संपृक्त असते आणि तीच लव पाणी धरून ठेवते. त्यातून बुरशी वाढते; मुळांभोवतीच्या मातीतील हवा निघून जाते आणि मुळे कुजतात. शिवाय या झाडांना चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमीन मानवते. येथील जांभ्याची लाल माती सततच्या पावसाने क्षार वाहून गेलेली व आम्लधर्मी आहे. लॅव्हेंडर महाबळेश्वरात उन्हाने मरत नाही, पावसाने मरते. रोपवाटिकेतून ऑक्टोबरमध्ये आणलेली रोपे मे महिन्यापर्यंत उत्तम दिसतात, हीच फसगत.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने महाबळेश्वर जवळजवळ कोरडे असते. भूमध्यसागरी प्रदेशातील कोरडा काळ बहुतेक ठिकाणी याहून कमी असतो. त्यामुळे अवर्षणात उद्यान कसे राखावे, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे. त्या प्रदेशाकडून घेण्यासारखे जे आहे ते यापुरतेच आहे आणि ते थोडे नाही.

परदेशी झाडांचा येथील इतिहास

सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन येथे थंड हवेचे ठिकाण वसले. पुढे येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटा, स्ट्रॉबेरी व भाजीपाल्याची लागवड केली. शेजारच्या पाचगणीत जॉन चेसन यांनी १८६० च्या दशकात वसाहत उभारताना सिल्व्हर ओकसारखी झाडे आणली. आज तेथील रस्त्यांवर तीच उंच झाडे दिसतात. सिल्व्हर ओक पूर्व ऑस्ट्रेलियातील, म्हणजे उन्हाळी पावसाच्या प्रदेशातील झाड आहे. ‘परदेशी’ या एकाच शब्दात सर्व झाडे कोंबल्यास हा महत्त्वाचा भेद नजरेआड होतो.

स्ट्रॉबेरीची कथा अधिक बोधप्रद आहे. महाबळेश्वरच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे जोपासलेल्या जातींपैकी ‘कॅमारोसा’ ही कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेली, म्हणजे भूमध्यसागरी हवामानातील जात. तिला येथे यश कसे आले? शेतकऱ्यांनी वनस्पतीचे पंचांगच बदलले. पावसाळ्यातील रोपनिर्मिती घाटाखाली, वाईच्या बाजूस कमी पावसात करावयाची. पाऊस ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे वर आणून गादीवाफ्यांवर लावावयाची. त्यांना ठिबकने पाणी द्यावयाचे आणि हिवाळा-वसंतात फळे घ्यावयाची. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे पीक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या झाडाने महाबळेश्वरच्या केवळ कोरड्या ऋतूत केलेला मुक्काम होय.

सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात द्राक्षवेलीबाबत हेच, किंबहुना अधिक धाडसाने, घडले आहे. भूमध्यसागरी प्रदेशात वेल हिवाळ्याच्या थंडीत पाने गाळून विश्रांती घेते आणि फळे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. तासगावात तशी थंडी नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी अशा दोन छाटण्यांनी बागायतदार वेलीला ऋतू शिकवतो. द्राक्षे उतरतात ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आणि त्याच कोरड्या उन्हाळी हवेत बेदाणा वाळतो. डाळिंबाच्या बागेत बहार धरण्यासाठी पाणी तोडून ‘ताण’ दिला जातो, हेही त्याच विद्येचे अंग. उद्यानरचनाकारांनी विदेशी ग्रंथांबरोबर ही विद्याही अभ्यासावयास हवी. पाणी कमी देणे ही हलगर्जी नसून एक तंत्र आहे, हे आमच्या बागायतदारास कोणी सांगावे लागत नाही.

हिरवळीचा हिशेब

कोरड्या काळात भूमध्यसागरी उद्यान हिरवळीचा हट्ट धरत नाही. दगड, खडी, सावली आणि मोजकी झाडे यांवर ते उभे असते. आपल्याकडे मात्र बंगला म्हटला की हिरवळ आलीच. १०० चौरस मीटर हिरवळीस रोज सरासरी ४ मिमी पाणी लागते असे धरले, तर दिवसाला ४०० लिटर होतात. ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांत हा आकडा ९६,००० लिटरवर जातो. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दहा टँकर. सातारच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधविलेला वेण्णा तलाव आजही या गावाची तहान भागवितो. त्यातील पाणी एप्रिल-मेमध्ये, नेमके पर्यटकांच्या गर्दीच्या काळात, गवतावर शिंपडावे काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल.

आप्त शोधताना

भूमध्यसागरी झाडांचे नातलग सह्याद्रीतच आहेत, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. महाबळेश्वरच्या सदाहरित, ठेंगण्या जंगलात पारजांब (ओलिया डायोइका) हे झाड आढळते. ते ऑलिव्हच्याच प्रजातीतील आहे. जाई, जुई, मोगरा व पारिजातक हीदेखील ऑलिव्हच्या कुळातील मंडळी. ग्रानाडा येथील अल्हम्ब्रा राजवाड्यात ज्या मर्टलच्या कुंपणावरून एका चौकास नाव मिळाले, त्या मर्टलच्या कुळात आपले जांभूळ मोडते. येथील जंगलाचे मुख्य झाड अंजनी (मेमेसायलॉन अम्बेलाटम) हे चामट, तकतकीत पानांचे; उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या झुबक्यांनी भरून जातात. लॅव्हेंडरच्या निळाईचा सोस असणाऱ्याने एकदा फुललेली अंजनी पाहावी. वाढ संथ असल्याने तिला वेळ द्यावा लागतो, एवढेच. अर्थात ही झाडे जंगलातून उपटून आणावयाची नाहीत. बियांपासून रोपे करावयाची आहेत.

सुगंधी, निळसर झुडपाची उणीव निर्गुडी भरून काढते. भूमध्यसागरी उद्यानातील ‘व्हायटेक्स’ या झुडपाची ती सख्खी बहीण असून पाऊस व अवर्षण दोन्ही सोसते. कण्हेरीस तर बहिणीचीही गरज नाही. भूमध्य समुद्रापासून भारतापर्यंत ती एकच जात नांदते. मात्र तिचे सर्व भाग विषारी असल्याने मुलांचा वावर असलेल्या आवारात तिची लागवड विचारपूर्वक करावी.

रचनेचे काही मुद्दे

आतील अंगणाभोवती घर ही कल्पना आपल्याला नवी नाही. वाई-मेणवलीच्या वाड्यांतील चौक आणि स्पेनमधील ‘पातिओ’ यांचे कार्य एकच: ऊन अडवावे, वारा मवाळ करावा, थोड्या पाण्यात गारवा साधावा. महाबळेश्वरात या चौकास आणखी एक काम करावे लागते आणि ते म्हणजे पाणी त्वरेने बाहेर काढणे. म्हणून येथे आराखड्याचा आरंभ कारंज्यापासून न करता गटारापासून करावा. उतारावर जांभ्याचे सुके गडगे घालून टप्पे पाडावेत, वाफे जमिनीपासून वीतभर उचललेले असावेत आणि पागोळ्यांचे पाणी झाकलेल्या टाकीत घ्यावे. सहा हजार मिमी पावसाच्या गावात लहानशा छपराखालची टाकीही जून संपण्यापूर्वी भरते. खरी अडचण ते पाणी मेपर्यंत पुरविण्याची असते.

पांढऱ्या चुन्याच्या भिंतीचा मोह सोडलेला बरा. ऑगस्टपर्यंत ती शेवाळाने काळी-हिरवी होते. उघडा जांभा शेवाळ अंगावर वागवूनही देखणा राहतो. घरांच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी गवताचे आवरण बांधण्याची येथील जुनी रीत कुंड्यांनाही लागू पडते. रोझमेरी किंवा सेज यांची हौस असल्यास ती कुंडीतच भागवावी. मिश्रणात निम्मी वाळू-खडी घालावी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या पडवीत, पावसाच्या झडीपासून दूर हलवाव्यात. वेलींच्या मांडवावर द्राक्ष चढविण्याचा प्रयत्न करू नये. येथील पावसात केवडा रोगापुढे तिचा निभाव लागत नाही. तेथे जाई किंवा मधुमालती उचित होय.

पूर्वेकडील पट्टा

खऱ्या अर्थाने ही शैली रुजेल अशी जागा याच दोन जिल्ह्यांत आहे, पण ती डोंगरमाथ्यावर नाही. महाबळेश्वरहून पूर्वेस जाताना पाऊस झपाट्याने घटतो. पाचगणी अवघ्या वीस किलोमीटरांच्या आत. तेथे तो निम्म्याहूनही कमी होतो. माण-खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात तो ५०० मिमीच्या आसपास येतो. तेथील जमीन चुनखडीयुक्त, निचऱ्याची आणि हवा बहुतांश वर्षभर कोरडी आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडत नाही हे खरे, परंतु मुळे कुजविण्याइतका तो उन्हाळ्यातही पडत नाही. डाळिंब, अंजीर, द्राक्ष, कण्हेर आणि उंच वाफ्यावरील रोझमेरी यांना तेथे थोड्या पाण्यावर जगविता येते. या भागातील महाविद्यालयांच्या आवारांत हिरवळ राखण्यासाठी चाललेला आटापिटा पाहता, खडीचे अंगण, चिंचेची सावली आणि डाळिंबाची रांग हा पर्याय प्राचार्यांनी व उद्यान समित्यांनी अवश्य विचारात घ्यावा.

कोरड्या ऋतूतील बागेचा असा विचार येथे पूर्वी झालेला आहे. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. सुमारे ११० फूट खोल अशा या दगडी विहिरीत उतरून गेले की पाण्यालगतच्या महालवजा दालनात भर उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. तिच्या पाण्यावर परिसरातील सुमारे तीनशे आंब्यांची बाग जोपासली जात असे. उन्हातून उतरून सावलीत यावे, सावलीतून पाण्याजवळ जावे आणि वर मोजक्या पाण्यावर आमराई उभी असावी, ही मांडणी अल्हम्ब्राच्या शिल्पकारांनाही ओळखीची वाटली असती.