भूकंपानंतरचा पाहुणचार

१४ नोव्हेंबर २०१६. मध्यरात्र उलटून दोन मिनिटं झाली आणि न्यूझीलंडमधलं कायकोरा ७.८ तीव्रतेच्या भूकंपानं हादरलं. दरडी कोसळून महामार्ग दोन्ही बाजूंनी बंद झाला. देवमासे बघायला आलेले शेकडो पर्यटक गावातच अडकले.

त्सुनामीचा धोका असल्यानं लोक उंचावर धावले. गावावरच्या टेकाडावरील टाकाहांगा मराए, म्हणजे माओरींचं सभास्थान, सर्वांसाठी खुलं झालं. तिथल्या सभागृहात गाद्या अंथरल्या गेल्या. ताटात वाढली गेली ती एरवी महागडी असणारी शेवंड, तीही फुकट! पुढे हेलिकॉप्टरनं आणि नौदलाच्या ‘कँटरबरी’ जहाजानं पर्यटकांना बाहेर काढलं.

अशा वेळी यजमानाची कामं ठरलेली असतात: पाहुण्यांची मोजदाद करायची, त्यांना मोकळ्या किंवा उंच जागी न्यायचं, पाणी राखून वापरायचं, नाशवंत अन्न आधी संपवायचं आणि पाहुण्यांची यादी बचाव पथकाच्या हाती द्यायची. तज्ज्ञांनी तपासून सुरक्षित ठरवेपर्यंत भेगाळलेल्या इमारतीत कुणालाही परतू द्यायचं नाही.

पुढच्या सहलीत खोलीची किल्ली घेतानाच विचारून ठेवा: संकट आलंच, तर जमायचं कुठं?