गुरू पाहुणा, सराव घरचा

साठी ओलांडलेले अल मिन्स 1984 मध्ये न्यूयॉर्कहून स्वीडनची राजधानी स्टॉकहोमला गेले. तारुण्यात ते लिंडी हॉप या नृत्यातले नावाजलेले नर्तक होते. हा नाच त्यांच्याच शहरात जवळपास विसरला गेला होता. स्वीडनमधल्या काही हौशी तरुणांनी मात्र जुन्या चित्रपटांत तो पाहिला होता. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी मिन्स यांना शोधून काढले आणि शिकवायला बोलावले. मिन्स आले, शिकवून परत गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

गुरू गेला, तिथेच हा नाचही थांबायला हवा होता. पण स्टॉकहोमच्या उत्तरेला असलेल्या हेरेंग या लहानशा गावात आजही दर उन्हाळ्यात देशोदेशींचे नर्तक हेच नृत्य शिकायला जमतात. पाहुण्या शिक्षकाची छोटीशी भेट इतकी खोलवर कशी रुजली? याचे अर्धे उत्तर इतिहासात आहे आणि अर्धे माणसाचा मेंदू व शरीर नवी हालचाल कसे आत्मसात करतात, यात. नृत्य असो वा योगासने, दोन दिवसांच्या कार्यशाळेतून उत्साहाने घरी येऊन पंधरा दिवसांत सारे विसरलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल.

हार्लेमचा नाच

लिंडी हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत झाला. 1926 मध्ये तिथे सॅव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह सुरू झाले. गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचू शकतील अशा त्या काळातल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. तिथल्या वाद्यवृंदांच्या स्विंग संगीतावर हे जोडीचे नृत्य घडत गेले. त्याचा मूळ घाट आठ मात्रांचा. केरवा ऐकत वाढलेल्या कानाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. फरक असा की स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. त्यातूनच ती झोक्यासारखी लय येते.

महायुद्धानंतर संगीताची आवड बदलली. 1958 मध्ये सॅव्हॉय बंद झाले आणि पुढे त्या जागी निवासी इमारती आल्या. लिंडी हॉपचा ठेवा होता नाचणाऱ्यांच्या अंगात, त्यामुळे नाचायची जागा गेल्यावर तोही विरत चालला. मिन्स यांच्यासोबत ‘हेल्झापॉपिन’ या 1941 च्या चित्रपटात नाचलेले फ्रँकी मॅनिंग तर टपाल खात्यात नोकरीला लागले आणि तीसेक वर्षे तिथेच राहिले. 1986 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन तरुण नर्तकांनी त्यांना गाठून शिकवण्याची गळ घातली. तेव्हा त्यांनी सत्तरी पार केली होती. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे ते देशोदेशी शिकवत फिरले. स्वीडनमध्येही ते वारंवार गेले.

मिन्स आणि मॅनिंग आले म्हणून स्वीडनमध्ये ठिणगी पडली, हे खरे. ती विझली नाही, कारण पाहुणे परतल्यावरही तिथली मंडळी आठवड्यामागून आठवडे एकत्र जमत, जुन्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहत आणि एकमेकांच्या चुका काढत सराव करत राहिली.

असेच काहीसे मुंबईतही घडले होते. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. असे परदेशी कलाकार येत-जात राहिले. त्यांचे संगीत इथे टिकवले ते रात्रीमागून रात्री हॉटेलांत वाजवणाऱ्या स्थानिक वादकांनी. त्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. त्यांच्यापैकी ट्रम्पेटवादक अँटोनियो झेव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले आणि स्विंगचा ठेका 1951 च्या ‘अलबेला’मधून, भगवानदादांच्या पावलांसोबत, घराघरांत पोहोचला.

पाहणाऱ्याचा मेंदू

नामवंत शिक्षकाला समोर नाचताना पाहिले की ‘जमले’ असे वाटते. प्रत्यक्षात किती उमगते, हे पाहणाऱ्याच्या आधीच्या सरावावर बरेच अवलंबून असते. लंडनमधील संशोधकांनी 2005 मध्ये बॅले नर्तक, ब्राझीलच्या कापोएरा या युद्धनृत्याचे जाणकार आणि यातले काहीच न येणारी माणसे यांना दोन्ही नृत्यांच्या चित्रफिती दाखवल्या आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. स्वतः शिकलेल्या नृत्याची हालचाल पाहताना नर्तकांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. दुसरे नृत्य पाहताना तितका प्रतिसाद दिसला नाही.

अंगात मुरलेली हालचाल मेंदू वेगळ्या रीतीने पाहतो, असा याचा अर्थ. म्हणूनच पाहुण्या शिक्षकाच्या तासाचा लाभ त्यालाच जास्त होतो, ज्याने आधी काही महिने मूळ पावले गिरवलेली असतात. कोरी पाटी घेऊन येणाऱ्याला नाच दिसतो. सराव असलेल्याला शिक्षकाने वजन नेमके कधी दुसऱ्या पायावर नेले, तेही दिसते.

टपाल खात्यातला धडा

कार्यशाळेत दिवसाला पाच-सहा तास शिकवले जाते. इतके तास एकदम शिकणे फायद्याचे असते का? ब्रिटिश टपाल खात्यात झालेला एक अभ्यास इथे मार्गदर्शक ठरतो. ॲलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्याने टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना त्यांचे गट पाडले. कोणी दिवसातून एकच तास शिकले, तर कोणी दोन-दोन तासांच्या दोन सत्रांत मिळून चार तास. 1978 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज एक तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास कमी लागले. गंमत म्हणजे सर्वांत कमी समाधानी हेच लोक होते, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतो आहोत असे त्यांना वाटत होते.

टंकलेखन आणि नृत्य एक नव्हे, पण हालचाली शिकण्याबाबत हे तत्त्व इतरत्रही दिसून आले आहे. सलग तासांमुळे प्रगतीचा भास होतो, तर विरामासह केलेला सराव जास्त टिकतो. दोन सत्रांच्या मधल्या वेळात मेंदू शिकलेली हालचाल पक्की करत असतो आणि त्यात झोपेचा मोठा वाटा असतो. कार्यशाळेच्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी पेंगत शिकायला जाणे म्हणजे भरलेल्या पैशांवर पाणी सोडणेच.

मग पाहुण्या शिक्षकांची गरजच काय? गरज आहे, ती नावीन्यासाठी. एकाच गटात वर्षानुवर्षे नाचताना चुकाही घोटल्या जातात आणि नवे आव्हान उरत नाही. जर्मनीतील मॅग्डेबर्ग येथे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटाला दीड वर्ष नृत्य शिकवले. त्यात सतत नवनव्या रचना होत्या. दुसऱ्या गटाने ताकद, दमसास आणि लवचीकतेचे ठरावीक व्यायाम केले. स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचे आकारमान दोन्ही गटांत वाढलेले आढळले. तोल सांभाळण्यातली सुधारणा मात्र नृत्याच्या गटातच दिसली. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून फार मोठे दावे करता येत नाहीत. तरी ‘नेहमीचा सराव आणि त्यात अधूनमधून नवे काही’ हे सूत्र त्यातून मिळते.

हाताला हात

उतारवयात पडणे ही गंभीर बाब आहे. खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे हिंडणे-फिरणे कायमचे मंदावते. तोल सांभाळण्यासाठी मेंदू डोळे, आतील कान आणि पाय-सांध्यांकडून येणारे संदेश यांची सतत सांगड घालतो. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते. मागे पाऊल टाकताना, वळताना किंवा अचानक वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेताना तिची कसोटी लागते. लिंडी हॉपमध्ये नेमक्या याच हालचाली पुन्हा पुन्हा येतात आणि तेही जोडीदाराचा हात हाती असताना. स्थिर वस्तूला बोटाचा अगदी हलका स्पर्श असला, तरी उभ्या माणसाचे डोलणे कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. चालत्या गाडीत दांड्याला नुसते बोट टेकवून उभ्या राहणाऱ्याला हे सांगायला नको. जोडीदाराचा हात दांड्यासारखा स्थिर नसतो. तो आधारही देतो आणि पुढे काय करायचे याचा इशाराही देतो.

या नाचात पावलांचा क्रम आधी ठरलेला नसतो. एक जण सुचवतो, दुसरा क्षणात ओळखतो आणि उत्तर देतो. ही सततची निर्णयप्रक्रिया मेंदूला कामाला लावते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील 75 वर्षांवरील 469 जणांचा अभ्यास जो वर्गीज आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. वाचन, बैठे खेळ आणि वाद्यवादन करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले; शारीरिक छंदांपैकी असा संबंध फक्त नृत्याशी दिसला. मात्र ज्यांची स्मृती आधीच ढासळू लागली आहे, ते नाच आपणहून सोडत असतील, अशीही शक्यता आहे. म्हणून ‘नाचल्याने स्मृतिभ्रंश टळतो’ असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही.

समूहाचाही स्वतंत्र परिणाम असतो. ब्राझीलमधील शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच तालात सारख्या हालचाली केल्यावर मुलांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढली आणि आपसातली जवळीकही वाढली. जोरकस हालचालींचा परिणाम वेगळा मोजला, तोही दिसला. लेझीम किंवा ढोलपथकात घाम गाळूनही हसत घरी येणाऱ्यांनी हे अनुभवलेले असते.

कार्यशाळेला जाताना

एरवी आठवड्याला एक तास नाचणाऱ्याने शनिवार-रविवारी मिळून दहा तास नाचले, तर घोटे, पोटऱ्या आणि गुडघ्यांवर अचानक भार वाढतो. म्हणून आधीच्या तीन-चार आठवड्यांत सरावाचा वेळ हळूहळू वाढवावा. फरशीला घट्ट चिकटणारे रबरी तळ असलेले बूट टाळावेत. पाऊल अडकते, शरीर वळते आणि पीळ गुडघ्याला बसतो. सुरुवातीला धिम्या गाण्यांवर अंग मोकळे करावे, पाणी पीत राहावे आणि थकल्यावर एक सत्र बसून पाहायला संकोचू नये. जोडीदाराला उचलण्याच्या कसरती प्रशिक्षित लोकांवर सोडाव्यात; हाडे ठिसूळ असलेल्यांनी तर त्यांपासून दूरच राहावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा वारंवार चक्कर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नाचताना छातीत दुखले, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

परतल्यावर शिकलेल्यापैकी दोनच गोष्टी निवडाव्यात आणि एक-दोन दिवसांत त्या पुन्हा करून पाहाव्यात. मोबाइलवरची चित्रफीत आठवणीला मदत करते. सरावाची जागा ती घेऊ शकत नाही.

फ्रँकी मॅनिंग यांचे 27 एप्रिल 2009 रोजी, 95 व्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी निधन झाले. 26 मे हा त्यांचा जन्मदिन आता जगभर लिंडी हॉप दिन म्हणून साजरा होतो. सॅव्हॉय बॉलरूम कधीच न पाहिलेली माणसे त्या दिवशी आपापल्या गावच्या सभागृहात तोच नाच नाचतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो परदेशी पाहुण्याकडून नव्हे, तर शेजारच्या गल्लीतल्या कुणाकडून तरी शिकलेला असतो. म्हणून पुढच्या कार्यशाळेत नाव नोंदवताना आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारावा: पाहुणे गेल्यानंतरच्या आठवड्यात सराव कुठे आणि किती वाजता असतो?