दगडावर लढाई, पाटीवर नाव

कोल्हापूरहून पश्चिमेला निघालं की साधारण पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा येतो. इथं सह्याद्रीचा कडा संपतो आणि रस्त्याला दोन फाटे फुटतात. करूळ घाट वैभववाडीला उतरतो, भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. दोन्हींवर नजर ठेवून उभा आहे तो गगनगड. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बाराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्यांत त्याची गणना होते. पुढं बावड्याची जहागीर रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याकडं आली. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल देशावर यायचा तो अशाच घाटांनी. ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती जकात, म्हणून इथं चौक्या होत्या, पहारे होते आणि चकमकीही होत्या.

त्या चकमकींत पडलेल्या माणसांची नावं कुठल्या ताम्रपटात सापडत नाहीत. ताम्रपटात राजा असतो, दान घेणारा असतो, साक्षीदारही असतात. शिपायाच्या वाट्याला आला तो वीरगळ. कोल्हापूर जिल्ह्यात जुन्या शिवमंदिरांच्या आवारात, पाराखाली, गावाच्या वेशीवर हे कोरीव दगड आजही दिसतात. करवीर तालुक्यातलं कसबा बीड तर वीरगळांसाठीच ओळखलं जातं. गावात पुष्कळांना वीरगळ म्हणजे कुठला तरी देव वाटतो. शेंदूर लागतो, नारळ फुटतो. पण त्या दगडावर कोरलाय तो मेलेला माणूस, आणि त्याची गोष्ट वाचता येते.

वीरगळ खालून वर वाचायचा. दगड बहुधा कमरेएवढा किंवा छातीएवढा, त्यावर तीन किंवा चार चौकटी. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. कधी त्याच्याजवळ गाईवासरं कोरलेली असतात. याचा अर्थ, हा गडी गावची जनावरं पळवणाऱ्यांना आडवा गेला आणि त्यातच मेला. गुरं हेच धन असलेल्या काळात हे मरण रणांगणावरच्या मरणाइतकंच मोठं मानलं जाई. त्यावरच्या चौकटीत लढाई. ढाल-तलवार घेतलेला वीर समोरच्या दोघा-तिघांना भिडलेला. कारागिरानं त्याला हटकून थोडा मोठा काढलेला असतो. तिसरीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पूजा करणारा पुजारी, माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो याची कीर्ती राहो, एवढंच त्यांचं मागणं. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. त्या घरातून एकाच वेळी दोन जीव गेले.

काय घडलं ते या दगडावर सगळं आहे. नाव मात्र नाही. कर्नाटकात लेख असलेले वीरगळ पुष्कळ आहेत, राजाचा काळ, गाव, वीराचं नाव सांगणारे. आपल्याकडचे बहुतेक मुके. कोरून घेणाऱ्यांना नाव घालायची गरजच वाटली नसावी, कारण सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. चार-पाच पिढ्यांनी ठाऊक असणारे गेले आणि दगड तेवढा राहिला.

विसाव्या शतकातही सुरुवातीला नावांचं असंच झालं. पहिल्या महायुद्धात कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडची पोरं पलटणीत भरती होऊन लामावर गेली. ६व्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १९१५ च्या डिसेंबरात कूत-अल-अमारा इथं त्यांना वेढा पडला. घोडे कापून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एकाच गावचे ४६ जण या महायुद्धात कामी आले. इंग्रज सरकारनं तिथं स्मारक उभारलं. गावाचं नाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच घेतलं जातं. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या टाकळीलाही ‘सैनिक टाकळी’ म्हणतात ते याच परंपरेमुळं.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न लाभलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक झालं. त्यात गोऱ्या शिपायाचंही नाव कोरलं गेलं. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा घातला, अमुक पलटणीचे इतके. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंदच झाली नव्हती किंवा त्यांचं स्मारकच झालं नव्हतं, असं तो अहवाल सांगतो. ज्यांचा फक्त आकडा उरला, त्यांत आपल्या मुलखातली किती घरं असतील, या विचारानं आजही जीव तुटतो.

नाव आणि लढाई दोन्ही जपली गेली तर काय होतं, हे एका मराठी शिपायाच्या उदाहरणात दिसतं. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले, उभा राहिला तो एकटा यशवंत. तो सरळ मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा दोघांना गारद केलं, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या आणि ताब्यात घेतलेल्या त्याच मोर्च्यात तो पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देहाचा ठाव लागला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

माणगावात त्याचा पुतळा आहे, ही आपली बाजू. परक्या मुलखानंही त्याला विसरू दिलं नाही. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावानं यशवंत घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर कोरलं आहे. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक पडले. त्यांतला हा एक त्या गावाला ओळखीचा झाला, कारण त्याचं नाव, तारीख, जागा आणि पराक्रम हे सगळं एकत्र लिहिलेलं सापडलं.

स्वतंत्र भारतात नावांची हेळसांड थांबली. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारक खुलं झालं. त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका हुतात्म्याचं नाव आहे, पंचवीस हजारांवर नावं. मराठा लाइट इन्फन्ट्री तर आपला रेजिमेंट दिनच ४ फेब्रुवारीला पाळते, १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेताना प्राण दिला त्या आठवणीत. साडेतीनशे वर्षांमागच्या एका मरणाला आजची पलटण सलामी देते, कारण त्या रात्री काय झालं हे महाराष्ट्रातलं पोर न पोर सांगू शकतं.

आपल्या गावातल्या हुतात्म्याबद्दल मात्र तसं सांगता येत नाही. २०२० च्या ऐन दिवाळीत आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा ऋषिकेश जोंधळे काश्मीरच्या ताबारेषेवर पाकिस्तानी माऱ्यात हुतात्मा झाला. तिरंग्यात लपेटलेली पेटी गावात आली, ‘अमर रहे’च्या घोषणा झाल्या, सगळा जिल्हा रडला. अशा प्रत्येक मरणानंतर कमान होते, चौकाला नाव मिळतं, शाळेत फोटो लागतो. पाच-दहा वर्षांनी शाळेतल्या पोराला विचारावं, हे कोण, कुठं लढले, त्या दिवशी काय झालं? पोरगं पाटीवरचं नाव वाचतं आणि गप्प राहतं. वीरगळानं लढाई ठेवली, नाव हरवलं. आपण नाव ठेवलं, लढाई हरवू देतोय.

हे सुधारणं अवघड नाही, खर्चाचंही नाही. प्रत्येक गावानं आपल्या हुतात्म्याचं एक पान लिहावं. पलटण, जागा, तारीख, त्या दिवशीची हकीकत, बरोबर असलेल्या जोडीदारांचं सांगणं, घरी आलेली शेवटची चिठ्ठी किंवा फोन. शौर्यपदक असेल तर त्याचं मानपत्र सरकारनं प्रसिद्ध केलेलं असतं, ते मराठीत करून घ्यावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि गावातले माजी सैनिक वाट दाखवतात. महायुद्धांतल्या ज्या मृतांची नोंद झाली, त्यांची नावं राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदींत शोधता येतात. आई-वडील, पत्नी, भाऊ हयात आहेत तोवरच हे काम होईल. हे पान २६ जुलैच्या कारगिल विजय दिनाला शाळेत वाचावं आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला ग्रामपंचायतीत.

सोबत वीरगळांकडंही बघावं. ऑइलपेंट लावू नये, पायरीला किंवा कुंपणाला वापरू नये, जागचा हलवू नये, पुरातत्त्व विभागाला कळवावं. त्या दगडातल्या माणसाचं नाव आता परत येणार नाही. पण यापुढं सीमेवर पडणाऱ्या आपल्या पोराचं नाव आणि त्याची लढाई दोन्ही गावाच्या तोंडी राहतील, एवढं आपल्या हातात आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या.